गर्भवतीला झालेली इजा आणि पोटातील बाळाचे रक्षण

इंदूरहून महाराष्ट्राकडे येणारा आग्रा-मुंबई रस्ता महू, मानपूरचा घाट, खलघाट आणि सेंधवा ही गावे मागे टाकून खानदेशात उतरतो. माळवा व निमाडातील मराठी कुटुंबांचे खानदेशाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे सोयरसंबंध आहेत. त्यामुळे पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी जाणाऱ्या मुली या रस्त्याने नित्य प्रवास करीत असतात. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरकडे निघालेली एस. टी. बस खलघाट येथे नर्मदेच्या पुलावरून नदीत कोसळली आणि अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा मोठ्या अपघाताची वार्ता सर्वदूर पसरते. परंतु मोटारसायकलीवर मागे बसलेली गर्भवती खड्ड्याच्या धक्क्याने खाली पडली, हंडा घेऊन येताना विहिरीच्या काठी घसरली, किंवा गोठ्यात तिला म्हशीने ढुशी दिली, तर त्याची वार्ता होत नाही. तिला फारसे लागलेले नसते. ती उठते, पदर झटकते आणि कामाला लागते. दुसऱ्या दिवशी मात्र बाळाची हालचाल थांबल्याचे तिच्या ध्यानात येते.

हे दुःख पुष्कळ वेळा टाळता येण्यासारखे असते. त्यासाठी दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवल्या पाहिजेत. आई बरी दिसते म्हणजे पोटातील बाळ बरे आहे असे नव्हे, ही पहिली गोष्ट. आणि बाळाला वाचविण्याचा मार्ग आईला वाचविण्यातूनच जातो, ही दुसरी. या दोन्ही गोष्टींमागची कारणे व त्यांवरील उपाय यांची माहिती या लेखात दिली आहे.

गर्भाशयाचे कवच आणि त्याची मर्यादा

पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आत असते. त्यामुळे या काळात बाहेरचा मार सहसा गर्भापर्यंत पोचत नाही. बाराव्या आठवड्यानंतर गर्भाशय हाडांच्या वर येऊ लागते. विसाव्या आठवड्यात, म्हणजे पाचव्या महिन्याच्या सुमारास, ते बेंबीपर्यंत पोचते आणि छत्तिसाव्या आठवड्यात छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला टेकते. या वेळी बाळाच्या संरक्षणार्थ पोटाची भिंत, गर्भाशयाचा स्नायू आणि गर्भजल एवढेच उरते. गर्भजल हे उत्तम गादीचे काम करते आणि बाहेरचा धक्का सर्व बाजूंना वाटून देते. म्हणून बाळाला प्रत्यक्ष जखम होण्याचे प्रसंग विरळाच असतात. मात्र अखेरच्या महिन्यांत बाळाचे डोके कटीत उतरलेले असते. अशा वेळी आईच्या कटीचे हाड मोडल्यास बाळाच्या कवटीस इजा होऊ शकते. शिंग, सुरा, सळई अथवा बंदुकीची गोळी पोटात शिरल्यास गर्भाशय व बाळ ही दोन्ही जखमी होऊ शकतात. आधी शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली असेल, तर जोराच्या आघाताने गर्भाशय फाटण्याचा धोका अधिक असतो.

परंतु बाळ दगावण्याचे कारण बहुधा अशी प्रत्यक्ष जखम नसून वार सुटणे हे असते.

वार सुटणे म्हणजे काय

वार ही बाळाची अन्नदात्री होय. आईच्या रक्तातून प्राणवायू व पोषण घेऊन ती नाळेवाटे बाळाला पुरविते. गर्भाशयाची भिंत स्नायूची असल्याने ती ताणली जाते आणि दबते. वारेला असा लवचीकपणा नसतो. पोटावर आघात झाला, किंवा वाहन एकाएकी थांबून शरीराला हिसका बसला, की भिंत ताणली जाते आणि वार मात्र ताणली जात नाही. ओल्या भिंतीवर चिकटविलेला कागद भिंत हलताच कडेने सुटावा, तशी वार आपल्या जागेवरून सुटू लागते. तिच्यामागे रक्त साचते आणि जेवढा भाग सुटतो तेवढा बाळाचा प्राणवायू कमी होतो.

गंभीर अपघातात सापडलेल्या शंभर गर्भवतींपैकी चाळीस ते पन्नास जणींत वार सुटल्याचे आढळते. किरकोळ इजेत हे प्रमाण शेकडा एक ते पाच एवढेच असते. तथापि किरकोळ इजा संख्येने फारच अधिक असतात. म्हणूनच इजेमुळे पोटातील बाळ दगावण्याच्या एकूण प्रसंगांपैकी निम्म्याहून अधिक प्रसंग किरकोळ वाटणाऱ्या इजेनंतरचे असतात, असे वैद्यकीय अनुभव सांगतो. इजा किती मोठी दिसते यावरून धोक्याचा अंदाज करणे चुकीचे ठरते, ते यामुळेच.

दुसरी एक फसवी गोष्ट अशी की, वारेमागे साचलेले रक्त बाहेर येईलच असे नाही. ते आतच कोंडून राहू शकते. 'अंगावरून जात नाही, म्हणजे काळजी नाही' हा समज त्यामुळे घातक ठरतो. पोट कडक होऊन दुखणे, थोड्या थोड्या वेळाने कळा येणे, पाठ भरून येणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे ही सर्व धोक्याची चिन्हे होत. वार बहुधा पहिल्या चोवीस तासांत सुटते, क्वचित त्यानंतरही सुटते.

आईचे शरीर इजा लपविते

गरोदरपणात स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. प्रसूतीच्या वेळच्या रक्तस्रावासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद आहे. अपघातात मात्र हीच तरतूद वैद्यालाही चकवा देते. अशा स्त्रीच्या शरीरातून सव्वा ते दीड लिटर रक्त गेले, तरी तिची नाडी व रक्तदाब बराच वेळ जवळजवळ नेहमीसारखे राहू शकतात. ती बोलते, चालते, पाणी मागते.

हे कसे घडते? संकट येताच शरीर मेंदू, हृदय इत्यादी इंद्रियांचा रक्तपुरवठा राखून गर्भाशयाचा पुरवठा तोडू लागते. दिवस भरत आलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. तो प्रवाह आटतो आणि आईला घेरी येण्यापूर्वीच बाळ गुदमरू लागते. म्हणूनच बाळाच्या हृदयाचे ठोके बिघडणे हे कित्येकदा आईच्या शरीरातील रक्तस्रावाचे पहिले चिन्ह असते. बाळाची तपासणी ही अशा प्रकारे आईचीही तपासणी ठरते.

घटनास्थळी काय करावे

समजा, सेंधव्याच्या घाटात सात महिन्यांची गर्भवती मोटारसायकलीवरून पडली आहे. जवळ डॉक्टर नाही. अशा वेळी पुढील गोष्टी कोणीही करू शकेल.

प्रथम १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि जखमी स्त्री गर्भवती असल्याचे व कितवा महिना आहे ते स्पष्ट सांगावे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दाब द्यावा.

पाचव्या महिन्यानंतर गर्भवतीला उताणे निजवू नये. उताणे निजल्यास जड गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि आई व बाळ दोघांचाही रक्तपुरवठा घटतो. तिला डाव्या कुशीवर वळवावे. मान अगर पाठीचा कणा दुखावल्याचा संशय असल्यास तिला न वाकविता फळीवर घ्यावे. मग फळीच्या उजव्या कडेखाली घोंगडी किंवा चादरीची घडी ठेवून फळी डावीकडे थोडी कलती करावी. श्वास व नाडी बंद पडली असल्यास छातीवर दाब देण्याची क्रिया नेहमीप्रमाणे करावी आणि दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी गर्भाशय आईच्या डाव्या बाजूस सरकवून धरावे.

पोटात शिरलेली वस्तू उपसून काढू नये. ती हलणार नाही अशा रीतीने सभोवती कापड बांधावे. जखमेतून आतडे बाहेर आले असल्यास ते आत ढकलू नये. स्वच्छ, ओल्या कापडाने झाकावे. शस्त्रक्रियेची शक्यता असल्यामुळे खाण्यापिण्यास काही देऊ नये.

आपल्याकडे गर्भवती पडली म्हणजे तेल लावून पोट चोळण्याची, किंवा 'बाळ सरकले' असे म्हणून पोट घट्ट बांधण्याची रीत काही ठिकाणी आहे. हेतू चांगला असला तरी ही रीत सोडून दिली पाहिजे. सुटू लागलेली वार चोळण्याने अधिक सुटू शकते.

अपघाताची वेळ, कितवा महिना, पूर्वीची प्रसूती कशी झाली, रक्तगट कोणता आणि बाळ शेवटी केव्हा हलले या पाच गोष्टी कागदावर लिहून सोबत द्याव्यात. माता व बाल संरक्षण कार्ड घरात असेल तर ते न विसरता बरोबर न्यावे.

कोणते रुग्णालय गाठावे

इंदुरात १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली. तिच्याच परंपरेतून १९४८ साली महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. या महाविद्यालयाशी संलग्न असलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय 'एम. वाय.' या नावाने सर्वपरिचित आहे. धार, झाबुआ, बडवानी, खरगोन या भागांतील अत्यवस्थ रुग्ण तेथे नेले जातात. साहजिकच 'थेट इंदूरलाच न्या' अशी नातेवाइकांची वृत्ती असते. परंतु सेंधव्याहून इंदूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. शिरेतून सलाईन न लावता, रक्तस्राव न थांबविता एवढा प्रवास करणे धोक्याचे आहे. प्रथम जवळच्या रुग्णालयात नेऊन आईची प्रकृती सावरावी. तेथील डॉक्टरांनी पुढच्या रुग्णालयास आगाऊ कळवावे आणि मगच रुग्णवाहिकेतून पुढे न्यावे. रस्त्यातील दोन तास अशा रीतीने उपचाराचेच दोन तास ठरतात.

रुग्णालयातील उपचार

डॉक्टर प्रथम आईकडे पाहतात. याचा नातेवाइकांनी गैरसमज करून घेऊ नये. आईचा श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू देणे, शिरेतून द्रव व रक्त देणे हेच त्या घटकेला बाळावरचेही उपचार असतात. आईचे रक्त प्राणवायूने भरले, की ते वारेपर्यंत पोचते.

त्यानंतर बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले जातात. ते मिनिटाला ११० ते १६० असावेत. बाळ बाहेरच्या जगात जगण्याजोगे झाले असेल, तर ठोके आणि गर्भाशयाच्या कळा यांची सतत नोंद करणारे यंत्र लावून निदान चार तास लक्ष ठेवणे आवश्यक आहे. कळा, पोटदुखी, रक्तस्राव यांपैकी काही आढळल्यास, किंवा अपघात जोराचा असल्यास, हा काळ चोवीस तासांपर्यंत वाढवितात. जेथे असे यंत्र नाही, तेथे प्रशिक्षित परिचारिकेने साध्या उपकरणाने ठराविक अंतराने ठोके मोजून लिहून ठेवणेही मोलाचे ठरते.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. सोनोग्राफीने बाळाची स्थिती, गर्भजल व पोटातील रक्तस्राव यांची माहिती मिळते. परंतु वार सुटल्याचे निम्म्याहून अधिक प्रसंग सोनोग्राफीत दिसत नाहीत. 'सोनोग्राफी चांगली आली, आता घरी जाऊ' असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. लक्ष ठेवण्याचे ते चार तास सोनोग्राफीहून अधिक भरवशाचे असतात.

मुदतीपूर्वी प्रसूती होण्याचा संभव असेल आणि गर्भ २४ ते ३४ आठवड्यांचा असेल, तर बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. वार सुटून बाळ संकटात असल्यास तातडीने शस्त्रक्रिया करून बाळाला बाहेर काढावे लागते. आईचे हृदयच बंद पडले आणि गर्भ पाच महिन्यांहून मोठा असला, तर चार मिनिटांच्या आत शस्त्रक्रियेस हात घालावा, असा दंडक १९८६ साली अमेरिकेतील डॉ. कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तो आज जगभर मान्य आहे. गर्भाशय रिकामे होताच आईच्या हृदयाकडे रक्त परतू लागते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया बाळाइतकीच आईसाठीही असते.

रक्तगट, लस आणि क्ष-किरण

आईचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आघातामुळे बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. ती याच नव्हे, तर पुढच्या बाळालाही मारक ठरू शकतात. त्यावर उपाय सोपा आहे. इजेनंतर ७२ तासांच्या आत अ‍ॅन्टी-डी इंजेक्शन दिले, म्हणजे हा धोका बहुतांशी टळतो. म्हणून प्रत्येक गर्भवतीने आपला रक्तगट पहिल्या तपासणीतच जाणून घ्यावा. जखम झाली असल्यास धनुर्वाताची लस गरोदरपणातही निर्धास्तपणे घेता येते.

क्ष-किरणाने बाळात व्यंग येईल, या भीतीने काही कुटुंबे हाड मोडले असतानाही तपासणीस नकार देतात. वास्तविक साध्या क्ष-किरण चित्राने बाळापर्यंत पोचणारे किरण अत्यल्प असतात. ५० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रेने बाळास अपाय झाल्याचे आढळलेले नाही, आणि पोटाच्या एका सी. टी. स्कॅनची मात्राही सामान्यतः याच्या आत राहते. आईचा जीव वाचविण्यासाठी आवश्यक असलेली तपासणी गर्भ आहे म्हणून टाळणे योग्य नव्हे. सोनोग्राफीत किरणे नसतातच. तिचा उपयोग मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी करणे मात्र १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

घरातील मारहाण

गर्भवतीच्या इजेचे एक कारण असे आहे की ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. 'जिन्यावरून पडले', 'मोरीत घसरले' असे ती स्त्री सांगते, पण तिच्या अंगावरचे वण निराळे सांगत असतात. पोटावर मारलेली लाथ वारेच्या दृष्टीने मोटार अपघाताइतकीच भयंकर असू शकते. आरोग्य कर्मचाऱ्यांनी अशा स्त्रीला नवरा व सासरची माणसे बाहेर पाठवून एकांतात, आपुलकीने विचारावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. १८१ हा महिलांसाठीचा, तर ११२ हा तातडीचा मदत क्रमांक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ नुसार स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात घडवून आणणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिक्षक, ग्रामसेवक व अंगणवाडी सेविका यांच्या शब्दाला गावात मान असतो. हा विषय घरचा खासगी मामला नसून एका जिवाच्या रक्षणाचा प्रश्न आहे, हे त्यांनी सांगितले तर लोक ऐकतात.

अपघात टाळण्यासाठी

मोटारीत बसताना गर्भवतीने पट्टा बांधू नये, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. १९७१ साली अमेरिकेत क्रॉस्बी व कॉस्टिलो यांनी गर्भवतींच्या मोटार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आईचा मृत्यू हेच असल्याचे त्यात दिसून आले. पट्टा आईला वाहनाबाहेर फेकली जाण्यापासून वाचवितो. पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून न घेता पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या भागावरून घ्यावा. तिरपा भाग दोन्ही स्तनांच्या मधून खांद्यावर न्यावा.

मोटारसायकलीवरून लांबचा प्रवास, विशेषतः अखेरच्या महिन्यांत, टाळावा. जावेच लागले तर शिरस्त्राण घालावे, पदर व ओढणी खोचून घ्यावी. चाकात अडकलेल्या पदराने किती अनर्थ होतात, ते आपण पाहतोच. पोट वाढले की शरीराचा तोल पुढे जातो. म्हणून शेवाळलेले घाट, निसरडी मोरी, ओले सारवलेले अंगण, माळ्याची शिडी यांपासून जपावे. गुरांना चारा घालण्याचे व धार काढण्याचे काम या महिन्यांत घरातील इतरांनी करावे.

शासकीय सोयी व आपले कर्तव्य

१ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात गर्भवतीची ने-आण, औषधे, तपासण्या, रक्त व शस्त्रक्रिया विनामूल्य आहेत. रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र शासनाने २०२५ साली योजना लागू केली. तीनुसार नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळतात. पोलीस येईपर्यंत उपचार थांबविता येत नाहीत, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात दिला आहे. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्या नागरिकास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले आहे. त्यामुळे पोलिसी ससेमिऱ्याच्या भीतीने कोणी मागे सरू नये.

रुग्णालयातून घरी परतल्यावरही काही दिवस सावध राहिले पाहिजे. पोट दुखू लागले, अंगावरून जाऊ लागले, पाणी गेले, किंवा बाळ नेहमीपेक्षा कमी हलत आहे असे वाटले, तर रात्र असो वा पाऊस असो, पुन्हा रुग्णालय गाठावे. 'सकाळी बघू' म्हणून थांबू नये.

गर्भवती पडली, तिला मार लागला, किंवा वाहनाचा नुसता हिसका बसला, तरी त्याच दिवशी तिला तपासणीस न्यावे आणि निदान चार तास तिच्या बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवू द्यावे. बहुतेक वेळा सर्व काही ठीक असल्याचे आढळेल आणि कुटुंब निश्चिंत मनाने घरी परतेल. तो दिवस वाया गेला असे कोणी मानू नये. ज्या थोड्या प्रसंगी बाळ संकटात असते, त्या प्रसंगी आईला काही होत नसतानाच घेतलेली ही खबरदारी बाळाचा जीव वाचविते.